प्रज्ञा, ते टोक मी पुसलं होतं

प्रज्ञा,

मी अजून रडले नाही. तू जाऊन नऊ दिवस झाले, आणि आता लोकांना ते खटकायला लागलंय. परवा स्टाफरूममध्ये दोघीजणी माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या. मी म्हटलं, काय गं, डोळ्यात कांदा पिळू का? गप झाल्या. तू असतीस तर मला बाजूला ओढून म्हणाली असतीस, "अने, तोंड आवर जरा." आता ते आवरायला सांगणारं कुणी नाही, म्हणून मोकाट सुटलंय.

खरं सांगू का, मला काही वाटतच नाहीये. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालंय. सकाळी उठते, डबा करते, कॉलेजला येते, लेक्चर घेते. काल पोरं म्हणाली, मॅडम, हा धडा तुम्ही सोमवारी घेतलाय. घेतला असेल बाई.

आपल्या विभागप्रमुखांनी कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून मागितलं. जन्म, शिक्षण, किती वर्षं फिजिक्स शिकवलं, किती विद्यार्थी घडवले. मी सांगितलं, ते सगळं ऑफिसातल्या फाइलीत आहे, क्लार्ककडून घ्या. मी लिहिणार ते तुलाच लिहिणार. अंकात घालायचं तर घाला, नाहीतर राहू द्या. वाचून झाल्यावर ते घालतील असं मला वाटत नाही.

तुझा ताप म्हणजे काही विशेष नाही असं तू फोनवर म्हणाली होतीस. "व्हायरल आहे गं, सोमवारी येते." सोमवारी आली नाहीस. मंगळवारी दवाखान्यात नेलं, डेंग्यू निघाला. गुरुवारी सकाळी तुझे बाबा आतून बाहेर आले. मी बाकावर बसले होते, हातात तुझ्यासाठी आणलेलं शहाळं. काकांनी माझ्याकडं बघून नुसता हात हलवला, नाही असा. मी ते शहाळं घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवलं. का ठेवलं ते मला विचारू नको.

शनिवारी मेल आली. आपला पेपर छापायला तयार आहे, प्रूफ तपासून दोन दिवसांत परत करा. मी कळवलं, पहिली लेखिका वारली. त्यांनी दुःख व्यक्त केलं, आठवड्याची मुदत वाढवून दिली आणि नवं प्रूफ पाठवलं. त्यात तुझ्या नावाच्या डोक्यावर बारीकसा क्रूस आणि तळाला टीप, दिवंगत. भावसिंगपुऱ्यातल्या बौद्धाच्या पोरीच्या डोक्यावर क्रूस! त्यांची तशी छापायची पद्धत असते म्हणे. तू पोट धरून हसली असतीस.

ती मुदत आज संपते. आणि त्या पेपरात एक वाक्य खोटं आहे, प्रज्ञा. ते तू टाईप केलंस आणि मी तुझ्या हातून टाईप करून घेतलं. आठ महिने तुला सांगितलं नाही ते आता सांगते. उशीर झाला हे मलाही कळतं.

एमएस्सीला आपण एका बाकावर बसलो तेव्हापासून तुला एकच वेड होतं, उजेडाचे लहान तुकडे करायचं. मी खुलताबादकडची, शेतातून आलेली, मला आपली नोकरी हवी होती. तुला मात्र एका सेकंदाचे लाख कोटी भाग करून त्यातल्या एकाहूनही लहान असा उजेडाचा ठोका हवा होता, आणि तोही आपल्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, जिथं पंखा लावला की टेबल हलतं. असे ठोके डोळ्याच्या ऑपरेशनला लागतात, काच न तडकवता कापायला लागतात, हे तू भेटेल त्याला सांगायचीस. एकदा रिक्षावाल्याला सांगितलंस. तो म्हणाला, "हौ मॅडम, पर उतरना किधर है?"

आणि त्यासाठी तू ग्राफीन धरून बसलीस. पोरांना तू ते कसं शिकवायचीस ते मला पाठ आहे. "पेन्सिलीच्या शिशाचा एकच अणू जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. मंद उजेड आला की गिळतं, जोराचा आला की गपगुमान वाट सोडतं. म्हणजे काय? आपलं सरकारी हापिस. गरिबाचा अर्ज गडप, वजनदार माणूस आला की दार सताड उघडं." पोरं हसायची. मग तू फळ्यावर गोल काढायचीस. फायबरच्या, म्हणजे काचेच्या तंतूच्या, रिंगणात उजेड फिरतोय, दर फेरीला त्याला या पापुद्र्यातून जायचंय, मंद मंद सगळा खाल्ला जातोय, आणि शेवटी उरतो तो एकच दणदणीत ठोका, फिरत राहणारा. ठोका म्हणजे पल्स. मागच्या बाकावरच्या पोरालाही कळायचं. मला इतकं सोपं कधीच सांगता आलं नाही.

रिंगण जमवायला आपल्याला किती वर्षं गेली ते मी मोजत नाही. एक वस्तू या प्रयोगशाळेतून मागून आणायची, दुसरी त्या. ग्राफीन पुण्याहून आलं, तांब्याच्या पातळ पत्र्यावर वाढवलेलं, वर धरून ठेवायला प्लास्टिकचा थर. पत्रा द्रावणात विरघळवायचा, मग तो पापुद्रा वर तरंगतो, दुधावरच्या सायीसारखा. ती साय फायबरच्या टोकावर अलगद उचलायची. टोक केवढं, तर साबुदाण्याएवढं, पांढरं. पाच वेळा साय फाटली, दोनदा दुमडली. तुझी बोटं त्या द्रावणानं तपकिरी झाली, काका विचारत होते, "ही कुन्या लग्नाची मेंदी गं?" मार्च चालू होता, खिडकीतून भट्टीसारखं ऊन, आणि सायीवर वारा नको म्हणून तू पंखा लावू द्यायची नाहीस. आठव्या वेळी जमलं. सूक्ष्मदर्शकात टोकावर एक फिकट करडा तुकडा दिसत होता. "वाळू दे आजच्या दिवस," तू म्हणालीस. "उद्या जोडू."

दुसऱ्या दिवशी तू प्रॅक्टिकल घ्यायला गेलीस आणि जोडायचं काम माझ्याकडं होतं.

तुला माझी सवय माहीत आहे. फायबरच्या टोकावर धुळीचा कण राहिला तर तो आत जळतो आणि टोक कायमचं जातं. म्हणून आपल्या खोलीत भिंतीवर माझ्या अक्षरात पाटी आहे, टोक पुसल्याशिवाय जोडू नये. ती न पाळणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढलंय. माझ्या हाताला आता ते सांगावं लागत नाही. टोक हातात आलं की दुसरा हात आपोआप टिश्यूकडं जातो, आल्कोहोलचा थेंब, एक फटका, झालं.

तसंच झालं. टोक घेतलं, पुसलं, जोडलं. मग टिश्यूकडं बघितलं. त्यावर एक करडा चुरगळलेला ठिपका होता, राईच्या दाण्याएवढा. दुसरं कुणी असतं तर त्याच्या हातून हे झालंच नसतं, प्रज्ञा. गबाळ्या माणसानं ते टोक तसंच जोडलं असतं आणि ग्राफीन वाचलं असतं. माझ्या शिस्तीनं ते गेलं.

तेवढ्यात तू आलीस. खडू लागलेले हात, धापा टाकत.

"जोडलंस का?"

"जोडलं."

"मग लाव की! मुहूर्त काढतीस का?"

तोंड उघडलं होतं मी. शपथ सांगते, उघडलं होतं. पण तू बटण दाबून मोकळी. आणि मला वाटलं, चालू दे, काहीच येणार नाही, मग सांगू की बाई, माझ्या हातानं घाण झाली, हाण मला. तू कान पिळायला बसलीस. रिंगणात त्या तीन चकत्या आहेत, फायबर गुंडाळलेल्या, त्या वळवल्या की आतल्या उजेडाच्या थरथरण्याची दिशा बदलते. आपण त्यांना कान म्हणायचो. "पिळ कान, येईल वठणीवर." तू पिळत होतीस, मी टिश्यू मुठीत धरून उभी. आणि स्कोपच्या पडद्यावरची ती गचाळ रेघ एकदम हलली आणि काटक्या उभ्या राहिल्या, एकीमागं एक, सारख्या अंतरावर.

"आलं गं अने! आलं! आलं!"

माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की चष्मा खाली पडला. मग तू खाली बसलीस, फरशीवरच, आणि हसायला लागलीस, ते थांबेचना. प्रयोगशाळेच्या मामांना हाक मारलीस, दाखवलंस, त्यांना काय कळलं देव जाणे, तेही हसले. संध्याकाळी इमरती आणलीस सगळ्या विभागाला. मी दोन खाल्ल्या. टिश्यू माझ्या पर्समध्ये होता.

ते पल्स ग्राफीनचे नव्हते. हे मला त्याच क्षणी कळलं, कारण या धंद्यातली ती जुनी खोड आहे. कान बरोबर पिळले गेले आणि रिंगणातला एखादा भाग एकाच दिशेचा उजेड नीट सोडत असला, तर दोघं मिळून तेच काम करतात, मंदाला अडवतात, जोराच्याला सोडतात. ग्राफीन असो वा नसो. तुलाही हे माहीत होतं, तूच मला शिकवलं होतंस. पण तुला टोक रिकामं आहे हे माहीत नव्हतं.

उद्या सांगू म्हटलं. उद्या तू काकांना घेऊन आलीस आपलं ते रिंगण, म्हणजे लेझर, दाखवायला. परवा सांगू म्हटलं. परवा तू पुण्याला ठोक्याची लांबी मोजून घ्यायला निघालीस आणि तिथून फोन केलास, इतकी ओरडत होतीस की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग मी स्वतःला सांगायला लागले, थोडं ग्राफीन राहिलं असेल टोकावर. सगळं थोडंच पुसलं जातं. माणूस स्वतःला काय काय पटवतो, आणि कुणी आडवं येत नाही.

तरी तिथवर ते नुसतं न सांगणं होतं. खोटं नंतर बोलले.

पेपर पाठवला, परीक्षकाचं उत्तर आलं. एकच शंका, आणि अगदी रास्त. ग्राफीन न लावलेलं टोक जोडून बघितलं का? तेव्हा पल्स येतात का? तू लगेच म्हणालीस, "बघू की! बरोबर विचारलंय त्यानं." तू उठलीसुद्धा होतीस. आणि मी खुर्चीतून न उठता म्हणाले, "मी बघितलंय. मार्चमध्येच. येत नाहीत."

तू थांबलीस. "वहीत नाही लिहिलंस?"

"विसरले असेन."

"तू? आणि विसरलीस?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. तू म्हणालीस, "बरं, तरी मला बघायचंय एकदा. डोळ्यानं."

आणि मी भडकले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या, प्रज्ञा. म्हटलं, वीस वर्षं झाली आपल्याला, माझ्या शब्दावर विश्वास नाही? मी काय तुझी विद्यार्थिनी आहे का, माझं काम तपासायला? तुझं पहिलं नाव, म्हणून मी नोकर झाले का? हे शेवटचं बोलायचं नव्हतं. तुला ते कुठं लागेल ते मला बरोबर माहीत होतं, म्हणूनच बोलले. तुझा चेहरा पडला. तू पर्स उचललीस आणि गेलीस.

दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू डब्यात ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणलास, माझ्यापुढं ठेवलास, म्हणालीस, "असू दे गं. तू म्हणतीस तर नसतील येत." आणि माझ्यासमोर बसून ते वाक्य टाईप केलंस. ग्राफीनविरहित टोकाच्या साहाय्याने पल्स मिळाले नाहीत. इंग्रजीत ते आणखी देखणं दिसत होतं. मी भाकरी खाल्ली.

तुझ्यासाठी गप्प राहिले, तुझा आनंद मोडवेना, असं म्हणायची आज मोठी सोय आहे. तू गेलीस, कोण खोडून काढणार? पण ते खरं नाही. पाटी लिहिणारीनंच टोक पुसलं हे कुणाला कळू नये, एवढंच होतं. कॉलेजभर माझ्या शिस्तीचा डंका, आणि मीच अशी. तुझ्या आठ महिन्यांच्या आनंदापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली. एवढा क्षुद्रपणा माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय.

तू गेल्यावर मी तुझी वही चाळली. तुला संशय आला होता का, कुठं काही लिहून ठेवलंस का, ते शोधत होते. आला असता तर मला बरं वाटलं असतं, तू मनात तरी मला शिव्या घातल्या असत्या. काही नाही. शेवटच्या पानावर यादी होती. प्रूफ आल्यावर स्पेलिंग बघणे. बाबांचा चष्मा. अनीला नवीन टिश्यू बॉक्स. बस.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर मी स्वच्छ टोक घेतलं आणि जोडलं. कान पिळले. माझा हात तुझ्यासारखा हलका नाही, पण आले. अगदी तसेच काटक्यांसारखे. मी स्कोपकडं बघत बसले. काहीच वाटलं नाही. वळून तुझ्या स्टुलाकडं बघितलं आणि "बघ" म्हणणार होते. स्टुलावर हजेरीपट ठेवला होता.

मंगळवारी विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. ते डोकं धरून बसले. मग म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. आता कशाला? तिच्या वडलांकडं बघा. त्या बाईंची शेवटची आठवण म्हणून जाऊ द्या छापून." वाईट माणूस नाही तो. मी पण दोन तास तसंच म्हणत होते. जाऊ दे. कोण तपासतंय?

बुधवारी तुझ्या घरी पुण्यानुमोदन होतं. मांडवात पांढऱ्या कपड्यांची गर्दी, पुढं तुझा फोटो, मेणबत्त्या. भंतेजींच्या मागून सगळ्यांनी पंचशील म्हटलं. मला ते तुझ्यामुळं पाठ आहे. मीही म्हणत होते. चौथ्याला, खोटं बोलणार नाही त्याला, माझा आवाज निघाला नाही. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्यांनी माझा हात धरला. तोसुद्धा मी धरू दिला.

लोक पांगले. काका सतरंज्यांच्या घड्या घालत होते. मला बघून म्हणाले, "पोरी, तिचा तो लेख कवा येतो गं? फोटूजवळ ठिवायचा म्हनतो."

"काका, तो छापू नये म्हणते मी."

त्यांच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. "का? कोनी अडवलं?"

त्यांच्या तोंडून पहिलं तेच आलं. आयुष्यभर तेच बघितलेला माणूस तो. मी म्हटलं, "कुणी नाही. लेखात चूक आहे."

"तिची?"

"माझी."

मग सगळं सांगितलं. साय, टोक, टिश्यू, आणि ते वाक्य. मला वाटलं होतं ओरडतील, हाकलून देतील. ते प्रश्न विचारत गेले. टोक कोनाच्या हातात व्हतं? तवा खोलीत कोन कोन व्हतं? तिला ठावं व्हतं?

"नाही, काका."

"तिनं इचारलं व्हतं?"

"व्हय. तिला स्वतः बघायचं होतं. मी भांडले. बघू दिलं नाही."

ते उठून आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. बाहेर येऊन समोर बसले.

"वाळूजला कंपनीत मी काय काम करायचो ठाव हाय का तुला? गाडीच्या बिरेकचे पार्ट तपासायचो. खराब निघाला की लाल पट्टी. एकदा सायब म्हनले, ट्रक उभा हाय, जाऊ द्या. म्या न बघता सही केली. घरी आलो, जेवन गेलं नाय. सकाळी पयल्या बसनं जाऊन अख्खा लॉट उघडून घेतला. सायब लई बोलले. त्यात खराब एक बी नव्हता निघाला. पन बघितला."

मी मान खाली घालून बसले होते. ते म्हणाले, "मला दाव."

"काय, काका?"

"तिला जे बघायचं व्हतं ते."

काल सकाळी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन. तिसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा थांबले. खोलीत आल्यावर तुझ्या स्टुलावर बसले नाहीत, उभे राहिले. त्यांना लेझरमधलं काही कळत नाही, पण तपासायचं कसं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. "आधी ते काळं कुठं चिकटवतेत ते दाव." दाखवलं. "आता हितं काय नाय ना? भिंगातून दाव." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जोड."

जोडलं. कान पिळले. आले.

"काढ. दुसरं टोक घे."

आले.

"अजून एक."

तिसऱ्यांदा लवकर येईनात. मनात आलं, या वेळी न आले तर? आपला पेपर खरा ठरेल का? इतकी मी अजून सुधारलेली नाही. मी कान परत पिळत राहिले. मग आले.

"मंजी तुमची ती वस्तू काय कामाची न्हाई?"

"आहे काका. लोकांनी करून दाखवलंय. आपल्या लेझरात ती नव्हतीच. मी पुसून टाकली होती."

ते पडद्यावरच्या काटक्यांकडं बघत राहिले. "हेच बघून हसली व्हती का ती?"

"व्हय काका. लई हसली."

त्यांनी मान हलवली. पेपर मागं घ्यायचा तर एक फॉर्म असतो, त्यावर सगळ्या लेखकांची संमती लागते, आणि लेखक हयात नसेल तर वारसाची. मी तो छापून ठेवला होता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं. ग्राफीनशिवायची चाचणी केली असं मी सांगितलं, ते खोटं होतं, चाचणी मी केली नव्हती. आता केली, आणि पल्स मिळतात. माझ्या सहलेखिकेनं ही चाचणी करायची इच्छा व्यक्त केली होती, मी ती करू दिली नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"पयलं नाव कोनाचं ऱ्हाईल यावर?"

"तिचंच आहे. पण तुम्ही म्हणत असाल तर काढायला सांगते."

"काढू नको," काका म्हणाले. "चुकीच्या मालावर नको. पन चूक सांगितलेल्या कागदावर असू दे." खिशातलं पेन काढून त्यांनी तुझ्या नावापुढं सही केली, सावकाश, पूर्ण नाव लिहून.

आज दुपारी मी ते पाठवलं. माझं पुढं काय होईल माहीत नाही. चौकशी बसेल, कॉलेजात तोंड दाखवायला जड जाईल, पोरं ती पाटी वाचून हसतील. हसू दे. पुण्याहून आणलेल्या पत्र्याचा अर्धा तुकडा अजून डबीत आहे. पुन्हा साय उचलायला मी बसेन की नाही, तेही माहीत नाही. तुझ्याशिवाय पंखा बंद करून कोण बसतंय त्या उन्हात. तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. तुला विचारताच येत नाही तर ते म्हणायचं कशाला? पण तू होतीस म्हणून मला वीस वर्षं कुणीतरी तोंड आवर म्हणणारं होतं, आणि तुझ्या त्या हसण्यात, खोट्यानं का होईना, मी उभी होते. ते मला कुणी दिलं नसतं. एवढं तरी तुला सांगायला हवं होतं.

काल काकांना रिक्षात बसवलं. बसता बसता त्यांनी विचारलं, "किती येळ लागला गं आपल्याला?"

मी घड्याळ बघितलं. तीन वेळा मिळून पाऊण तास. म्हणजे एकदा बघायला पंधरा मिनिटं. एवढंच मागितलं होतंस तू माझ्याकडं, प्रज्ञा, पंधरा मिनिटं, आणि मी दिली नाहीत.

— अनिता